पडून होतं

पेण आणि रोहा यांच्यामध्ये रेल्वेची तीन स्टेशनं आहेत: कासू, नागोठणे आणि निडी. दिवा-रोहा गाडीच्या खिडकीशी बसलं की आधी खारेपाटाचं सपाट रान, मग भाताची खाचरं, मग जवळ सरकत येणारे डोंगर, असं बघता बघता रोहा येतं. तिथे मध्य रेल्वे संपते आणि पुढे कोकण रेल्वे सुरू होते. एवढ्याशा अंतरात माणसांच्या स्वभावात फरक पडायचं खरं तर काही कारण नाही. पण आमच्या घराण्यापुरतं सांगायचं तर पेणला वस्तू घरी बनवतात आणि रोह्याला त्या विकत आणतात. पेणला काका राहतात आणि रोह्याला आतोबा, एवढंच त्याचं कारण.

काका टेलिफोन खात्यात होते. घरात सोल्डरिंगचा वास उदबत्तीच्या वासाइतकाच जुना. दुकानातली वस्तू म्हणजे कुणीतरी घाईघाईत उरकलेली वस्तू, असं त्यांचं ठाम मत. आतोबा धाटावच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्याचे हिशेब बघायचे. ज्या वस्तूला पावती नाही ती वस्तू अस्तित्वातच नाही असं ते धरून चालतात. आत्या काकांची थोरली बहीण, त्यामुळे आतोबा पेणच्या घरचे जावई. काका त्यांना भावजी म्हणतात, आल्याबरोबर पाणी देतात, पोह्याचे पापड भाजून पुढे ठेवतात आणि त्यांचं एक अक्षर ऐकत नाहीत.

लोक बांधावरून भांडतात, सामायिक विहिरीवरून भांडतात. या दोघांचा वाद टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा डबा घरी बनवावा की विकत घ्यावा, यावर. बाहेरच्या माणसाला तो तांत्रिक वाटतो. वाद मुळात लग्नाच्या कॅसेटवरून आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पेणहून वरळीचा मनोरा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे पेणला गच्चीवरचा अँटेना वायव्येकडे वळवला की चित्र बऱ्यापैकी यायचं. रोहा पडलं कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या आड. तिथे बूस्टर लावूनही पडद्यावर मुंग्या, आणि त्याचं सगळं खापर आतोबा अवचितगडावर फोडायचे. शिवकालीन किल्ल्याला बातम्यांच्या आड आल्याबद्दल बोल लावणारे ते बहुधा एकटेच. त्या काळात कार्यक्रमाची वेळ ही मुहूर्तासारखी. 1987 च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' लागायला लागलं तेव्हा पेणच्या बाजारात त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं आणि दुकानदारही नसायचा. चुकलं ते चुकलं. पुन्हा दाखवा म्हणायची सोय नव्हती.

ती सोय व्हीसीआरने केली. 1982 च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर देशात येऊ लागले. पेणला आधी ते भाड्याने यायचे, सत्यनारायणाच्या रात्री, तीन सिनेमे आणि एक टीव्ही अशा बोलीवर. पुढे काकांनी एक बिघडलेला व्हीसीआर कुठूनसा आणून दुरुस्त केला. आत्याच्या लग्नाची कॅसेट रोह्याच्या कपाटात बुरशी धरेल म्हणून 'जपून ठेवायला' त्याच घरात आली होती. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि श्रावणापर्यंत चपलांना, लोणच्याच्या बरणीला आणि व्हिडिओ टेपला सारखीच पांढरी बुरशी येते. त्यामुळे आतोबांची काळजी रास्त होती. दिशा तेवढी चुकली.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला डाव्या कोपऱ्यात एक लहानसा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. फोटोग्राफरने तो मोडूनच दिला होता. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की यंत्राला वाटतं तुकडा शाबूत आहे. ही युक्ती पेणमध्ये ज्या थोड्यांना ठाऊक होती त्यांत काका होते. 9 मार्च 1996 रोजी बंगळूरला विश्वचषकाची भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व लढत होती. भारताच्या 287 धावा झाल्या, पाकिस्तानची फलंदाजी सुरू व्हायची होती, घरात कोरी कॅसेट नव्हती. पुढचं सांगायला नको. आत्याच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होत नाही. तिथे थेट चिन्नास्वामी स्टेडियम येतं आणि तासाभराने वेंकटेश प्रसाद आमिर सोहेलला बोट दाखवून तंबूची वाट दाखवतो.

आपण कागदोपत्री विवाहित आहोत एवढंच आता सिद्ध करता येतं, असं आतोबा अजून म्हणतात.

मग 1999 साल आलं. अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही असे दोन डबे बाजारात आले. टेपऐवजी हार्ड डिस्क. चालू कार्यक्रम मध्येच थांबवा, फोन घ्या, आमटीला फोडणी द्या, परत येऊन तिथून पुढे बघा. 2002 मध्ये आयझॅक रिचर्ड्स नावाच्या एका माणसाने केबल कंपनीने दिलेल्या संथ डब्याला वैतागून स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याचं नाव मिथटीव्ही. तो फुकट होता आणि कुणालाही वापरता येत होता. लिनक्स असलेला एक कॉम्प्युटर, एक टीव्ही ट्यूनर कार्ड आणि अमर्याद सहनशक्ती एवढं असलं की टिवो घरी तयार. काकांनी याबद्दल कुठल्याशा कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं आणि ते पान फाडून खिशात ठेवलं. काकूने ते पान धुण्यातून दोनदा वाचवलं. ते तिने का केलं असावं याचा विचार ती पुढे बरेचदा करायची.

सामान लॅमिंग्टन रोडवरून. ग्रँट रोडला उतरायचं आणि डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी पाटी दिसली की लॅमिंग्टन रोड कुठे म्हणून विचारायचं नाही. कार्ड वीतभर लांबीचं. एका टोकाला पत्र्याची चौकोनी डबी, तिच्या तोंडात केबलची वायर. मधोमध बीटी 878 नावाची चिप. केबलमधून आलेलं चित्र आकड्यांत बदलायचं काम ती चिप करते. पण ते आकडे जसेच्या तसे साठवायचे तर डिस्क चुटकीसरशी भरेल, म्हणून ते दाबून बारीक करावे लागतात. महागड्या कार्डांवर त्यासाठी वेगळी चिप असते. काकांच्या कार्डावर ती नव्हती, त्यामुळे दाबादाबीचं सगळं ओझं प्रोसेसरवर. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी माऊस हलवला की मालिकेतली सासू बोलता बोलता अडखळायची. त्या खोलीत केर काढतानासुद्धा काकू टेबलाला धक्का लागू देत नसे.

सुरुवातीला डबा विंडोजवर चालायचा आणि डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची, फॅट 32. त्यात एका फाइलमध्ये चार जीबीच्या वर काही मावत नाही. सेकंदाला चार मेगाबिटच्या दराने भरलं तर तासाला 1.8 जीबी होतात, म्हणजे सव्वादोन तासांत फाइल भरते आणि रेकॉर्डिंग बंद. हिंदी सिनेमा तीन तासांचा. त्या काळात आमच्या पेणच्या घरात एकही खलनायक मेला नाही. ताटातूट झालेले भाऊही कधी एकमेकांना भेटले नाहीत. सगळे आपले लॉकेटचा अर्धा तुकडा घेऊन हिंडताहेत. मग काका लिनक्सवर गेले. तिथे ही अडचण नव्हती. तिथे आवाज नव्हता.

"झालं का तुझं यंत्र?" आतोबा फोनवर विचारायचे.

"झालं म्हणजे झालंच आहे, भावजी. फक्त आवाज यायचा आहे."

"मग झालं काय?"

"चित्र."

अमेरिकेत अशा डब्याची खरी किंमत यंत्रात नसते, वेळापत्रकात असते. कुठल्या चॅनलवर काय, किती वाजता, याची यादी डब्याला रोज कुणीतरी पुरवावी लागते. टिवोवाले महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे ते मुख्यतः याचे. घरी डबे बनवणाऱ्यांनाही तिथे अशी यादी काही वर्षं फुकट मिळत होती, 2007 च्या सप्टेंबरात ती बंद झाली आणि मग तेही वर्गणी काढू लागले. पेणच्या केबलची अशी यादी कोण करणार? वर्तमानपत्रात छापलेल्या वेळा आणि प्रत्यक्ष लागणारा कार्यक्रम यांचं नातं तसं सैलच. शेवटी ते काम काकूने केलं. कुठली मालिका साडेसातला म्हणून सात बत्तीसला सुरू होते, कुठली आदल्या भागाचं दळण पाच मिनिटं दळते, कुठल्या सणाला महाएपिसोड म्हणून तासभर ताणतात, सगळं तिला तोंडपाठ. काका ते आकडे यंत्रात भरायचे. मिथटीव्हीच्या कागदपत्रांत ज्याला प्रोग्रॅम गाइड म्हणतात ती पेणला पोळ्या लाटत असे. काकांचा डबा संपूर्ण स्वयंचलित होता, फक्त काकू माहेरी गेली की बंद पडायचा.

पुढच्या भेटीत आतोबांनी हिशेब मांडला. कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून, समास पाडून, पेन्सिल घेऊन ते बसले.

"कॅबिनेट?"

"पडून होतं."

"मदरबोर्ड?"

"पडून होता."

"हार्ड डिस्क?"

"ती जुनीच. पडून होती."

"हा पंखा तर नवा दिसतोय."

"पंखा घेतला. पण तो वेगळ्या कामासाठी घेतला होता."

"मग इथे कसा?"

"ते काम झालं नाही. पडून होता."

आतोबांनी प्रत्येक बाबीपुढे शून्य लिहिलं, बेरीज शून्य आली ती दोनदा तपासली, आणि खाली 'वीज' असं लिहून अधोरेखा मारली. कॉम्प्युटर चोवीस तास चालू. शंभर वॅट धरले तरी दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. "तुझ्या फ्रिजला सवत आणलीस," ते म्हणाले. मग मजुरीचा प्रश्न निघाला. इतक्या रविवारांचे किती? काका म्हणाले, त्या वेळात मी दुसरं काय करणार होतो? "झोपला असतास," आतोबा म्हणाले, "आणि माझ्या बहिणीसारख्या वहिनीला सुखाने टीव्ही बघता आला असता."

यावर पेणच्या माणसाने द्यायचं उत्तर काकांनी दिलं. भावजी, म्हणाले, गणपतीत इथून मूर्ती जाते ती दोन प्रकारांनी. एक रंगवून, आखणी करून, पेटीत घालून तयार. दुसरी कच्ची, नुसती पांढरी. हमरापूर-जोह्याहून अशा कच्च्या मूर्तींचे ट्रक भरून जातात. ती कच्ची नेणाऱ्याने मातीही कालवलेली नसते, साचाही त्याचा नसतो. तो फक्त रंग देतो आणि डोळे काढतो. पण त्याला विचारा मूर्ती कुठून आणलीत, तो म्हणेल घरचीच आहे. मी काय वेगळं केलं?

आतोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू अजून डोळे काढले नाहीस."

2008 मध्ये टाटा स्काय प्लस आलं आणि भारतात रेकॉर्डिंगवाला डबा दुकानात मागता येऊ लागला. मागोमाग बाकीच्या डीटीएच कंपन्यांनीही आपापले आणले. आतोबांनी त्यांतल्या एका कंपनीचा घेतला. कोणत्या, ते सांगत नाही, कारण पुढचं वाचून त्यांना वाईट वाटेल. दुकानदाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला: यातलं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाला पुसता येतं का? दुकानदार म्हणाला, पिन नंबर टाकून लॉक करा, साहेब, कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही. आतोबांनी रोख पैसे मोजले. पावती, हमीपत्र आणि डब्याच्या आतलं थर्माकोलसुद्धा कपाटात गेलं. पिन काकांना कळू नये म्हणून आत्यालाही सांगितला नाही.

त्यांचा डबा देखणा होता, हे कबूल करायला हवं. काळाकुळकुळीत, आवाज न करणारा. रिमोटवरचं एक बटण दाबलं की रेकॉर्ड, दुसरं दाबलं की थांब. वेळापत्रक आकाशातून यायचं. एक कार्यक्रम बघताना दुसरा भरता यायचा. पहिल्या आठवड्यात आतोबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बातम्या थांबवून दाखवल्या. दुसऱ्या आठवड्यात दाखवायला काही उरलं नाही. डब्यात बिघाड नाही, सुधारणेला जागा नाही, झाकण उघडलं तर हमी जाते. त्या दिवसांत आतोबांच्या पेणच्या फेऱ्या वाढल्या. आल्या आल्या पायसुद्धा न धुता विचारायचे, "काय म्हणतंय तुझं?" आणि काकांचं काहीतरी म्हणत असायचंच. डिस्कमधून करकर येतेय. परवापासून मराठी चॅनल हिरवं दिसतंय. लाईट जाऊन आली की यंत्र आपोआप सुरू होत नव्हतं, ते आता बायोसमध्ये एक सेटिंग सापडलं. आतोबा खुर्ची ओढून बसायचे. "उघड बघू," म्हणायचे.

लाईटचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या वर्षांत भारनियमन जोरात होतं. रोह्याहून थोडं आत भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, 1927 पासूनचं. तिथे तयार झालेली वीज मुंबईला जाते आणि टर्बाइनमधून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. त्याच पाण्यावर कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून ओरडत जातात. रोह्याच्या वाट्याला नदी येते. आतोबांना या व्यवहाराचा ताळेबंद कधी जुळवता आला नाही. डब्याला त्यांनी इन्व्हर्टर घेतला, पावतीसकट.

पावसाळ्यात मात्र पारडं फिरलं. डीटीएचची घरावरची छत्री लहान, कारण त्या लहरी फार बारीक, अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या; आणि बारीक लहरींना पावसाचा थेंब गिळतो. रोह्याचा पाऊस तर थेंबांनी मोजण्यातला नव्हे. जुलैत आतोबांच्या यादीत मालिकेचं नाव दिसे, तारीख दिसे, भाग उघडला की चार मिनिटं नायिका, मग नायिकेचे चौकोन, मग काहीच नाही. पेणला केबलवाल्याची गच्चीवरची छत्री भली मोठी, चार गिगाहर्ट्झवाली, तिला पावसाचं एवढं वाटत नाही. झाडाची फांदी वायरवर पडेपर्यंत काकांकडे चित्र स्वच्छ. काका दर पावसाळ्यात आत्याला फोन करून गेल्या भागाची गोष्ट सांगायचे. ती चुकीची सांगायचे, कारण मालिका ते बघतच नसत. चित्रातल्या रेघा मोजत बसत.

दसऱ्याच्या सुमाराला रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, असा मान फार थोड्या देवांना आहे. गावातल्या केबलवर ती पालखी दाखवत. आतोबांच्या मुलाला परदेशात ती बघायची होती. पण आतोबांच्या डब्यात जगातली सगळी चॅनलं होती, रोह्याचं नव्हतं. गावची केबल छत्रीत कशी येणार? आणि काकांचा डबा काहीही भरायला तयार होता, पण पेणच्या केबलला रोह्याच्या पालखीशी कर्तव्य नव्हतं. दोन रेकॉर्डर असलेल्या घराण्यात ती पालखी शेवटी शेजारच्या मुलाने मोबाइलवर काढली. त्यात निम्मा वेळ त्याचा अंगठा आहे.

घरच्या डब्याची खरी कसोटी 2014 मध्ये लागली. त्या वर्षी 'जय मल्हार' ही खंडोबाची मालिका सुरू झाली आणि महाराष्ट्राला तिच्यातल्या देवाच्या वेषातला गणपती हवा झाला. पेणच्या कारखान्यांत मागणी आली: फेटा तसाच, दागिने तसेच, अंगावरचं वस्त्र तसंच. काकांच्या ओळखीचे एक मूर्तिकार होते, आखणीत हातखंडा. त्यांची अडचण अशी की टीव्हीवर देव एका जागी थांबत नाही. कंठ्याला किती पदर आहेत हे मोजेपर्यंत कॅमेरा म्हाळसेकडे जातो. ते रात्री कारखाना बंद करून, हाताला माती तशीच, काकांकडे आले. काकांनी भाग लावला आणि हवं तिथे थांबवला. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी रेकॉर्ड केलेली गोष्ट कामासाठी बघत होतं.

मूर्तिकार पडद्याच्या अगदी जवळ गेले. "याच्या कानाच्या कडेला फणीचे दाते कसले आलेत?"

काका खुलले. केबलवरचं चित्र एकदम येत नाही, ते म्हणाले. आधी विषम रेघा येतात, मग सम. दोन्हींमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. तेवढ्यात देवाने मान वळवली तर निम्मा कान जुन्या जागी, निम्मा नव्या. थांबवलं की दोन्ही एकावर एक दिसतात. मूर्तिकारांनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मान न वळवलेली जागा काढा." ती काढली. तिथला फोटो काकांनी पेनड्राइव्हवर दिला, मूर्तिकारांनी तो छापून भिंतीला लावला आणि कंठ्याचे पदर बरोबर आले. आतोबांच्या डब्यात हाच प्रसंग दाते न पडता, लखलखीत थांबला असता. पण पेणच्या कारखान्यात तो न्यायचा कसा? त्या डब्यातून बाहेर काही निघत नाही. कंपनीने आत असं कुलूप घातलेलं असतं की तिथलं रेकॉर्डिंग त्याच डब्यात, त्याच कार्डावर उघडणार.

हे आतोबांना जरा उशिरा उमगलं. त्यांच्या शेजारच्या सूनबाई एका मराठी चॅनलच्या कार्यक्रमात झळकल्या होत्या, तो भाग त्यांनी सगळ्या वाडीच्या वतीने जपून ठेवला होता, पिन घालून. एका मे महिन्यात डबा मान टाकून बसला. हमीत होता, त्यामुळे मेकॅनिक आला, जुना डबा काढला, नवा जोडला, सही घेतली आणि जुना काखोटीला मारून जिना उतरला. आतोबा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. "अहो, त्यात आमच्या सूनबाई आहेत!" मेकॅनिक म्हणाला, काका, तक्रार कस्टमर केअरला नोंदवा.

कुणी पुसू नये म्हणून लावलेल्या कुलपाने पुसायचंही शिल्लक ठेवलं नाही. काकांनी मात्र या प्रकरणात एक शब्द काढला नाही. त्यांनी लग्नाची कॅसेट शोधली. त्यांच्या कार्डाला मागे पिवळं तोंड होतं, त्यात व्हीसीआरची वायर लागायची. दुकानातल्या डब्याला बाहेरून काही भरवायची सोयच नव्हती. कॅसेट बुरशीने पांढरी झाली होती. काकांनी ती खोलून, टेप हाताने फिरवत, मऊ फडक्याने पुसून घेतली. ते काम कितीक रात्री चाललं होतं. अखेर आत्या आणि आतोबा पेणला आले तेव्हा पडद्यावर मांडव आला, वाजंत्री आली, मुंडावळ्या बांधलेले, मिशी फुटू लागलेले आतोबा आले, तिसरं मंगलाष्टक आलं, आणि मग आमिर सोहेल. काका रिमोट शोधायला धडपडले.

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "लग्नातलं एवढंच बघण्यासारखं आहे." आणि पाकिस्तानची शेवटची विकेट उरेपर्यंत, सगळ्यांना निकाल ठाऊक असताना, ते चौघं मॅच बघत बसले. 39 धावांनी जिंकलो. आतोबांनी टाळी वाजवली असं काकूचं म्हणणं आहे, ते नाकारतात.

पुढे दोन्ही डबे निकामी झाले, आणि त्यात ना विकतचा दोष होता ना घरचा. केबल डिजिटल करायचा कायदा आला. मुंबईची मुदत 2012 मध्ये संपली; पेण-रोह्यासारख्या गावांसाठी 31 डिसेंबर 2015 ठरली होती, ती पुढे लांबत गेली. पण एकदा सेट-टॉप बॉक्स आल्यावर काकांच्या कार्डाला वायरमधून खरखर सोडून काही मिळेना. हार मानतील तर काका कसले. सेट-टॉप बॉक्सचं चित्र त्यांनी पिवळ्या तोंडातून आत घेतलं आणि चॅनल बदलायला रिमोटसारखा इशारा देणारा एक इन्फ्रारेड दिवा सोल्डर करून सेट-टॉप बॉक्सच्या नाकासमोर चिकटपट्टीने लावला. आता कॉम्प्युटर स्वतः चॅनल बदलायचा. पण भिंतीवरच्या पालीला त्या दोहोंच्या मधली ऊबदार फट फार आवडली. ती तिथे बसली की रात्रभर एकच चॅनल. सकाळी काकूला मालिकेऐवजी दागिन्यांची टेलिशॉपिंग सापडायची आणि ती पूर्ण बघून होईपर्यंत चहा मिळत नसे.

2016 च्या सप्टेंबरात जिओचं स्वस्त इंटरनेट आलं. मग प्रत्येक मालिका फोनवर, हव्या त्या वेळी, कधीकधी टीव्हीच्या आधीच. रेकॉर्ड करायचं कारणच गेलं. दोघांनाही त्याचं सुतक पाळावंसं वाटलं असावं, कारण एका दिवाळीत दोघं आमच्या ओटीवर बसून, फोनवरची मालिका मध्येच गायब होते आणि हक्क संपले म्हणून सांगतात, याबद्दल एकमेकांच्या सुरात सूर मिसळून बोलत होते. काकांनी त्या दिवशी भावजींचं सगळं ऐकून घेतलं.

पण आता पेणच्या दुकानात जाऊन डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्ड करणारा डबा, द्या म्हणालात तर दुकानदार विचारतो, "किती कॅमेऱ्यांचा? चार की आठ?" आतोबांनी चारचा घेतला. बसवायला माणूस आला, वायरी भिंतीतून गेल्या, पावती कपाटात गेली, आणि आता रोह्याचं फाटक, तुळस, मागची विहीर आणि जास्वंद हे सगळं रात्रंदिवस रेकॉर्ड होतं आणि डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. ते कुणीही बघत नाही. आतोबा मात्र दुपारी झोपण्याऐवजी विहीर बघतात. जास्वंदाची फुलं पहाटे कोण तोडतं हे त्यांना आता ठाऊक आहे. त्या बाईंना विचारायचं कसं, हे ठाऊक नाही.

पेणच्या जिन्यात काकांनी स्वतःचं बसवलं. वेबकॅम पडून होता. रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर पडून नव्हता, तो घेतला, पण वेगळ्या कामासाठी. चित्र रोह्याला आतोबांच्या फोनवरही दिसेल अशी सोय केली, कारण दाखवायला कुणीतरी हवंच. पहिल्याच संध्याकाळी आतोबांचा फोन आला.

"अरे, तुझ्या जिन्यात माणसं आडवी चढताना दिसतायत."

"कॅमेरा आडवा लागलाय, भावजी. उभा लावायचा तर ब्रॅकेट लागतं."

"मग दुकानात मिळतं ते. शे-दीडशेला."

"बनवतोय."

पलीकडे काही वेळ कागदाची सळसळ ऐकू आली.

"येतो रविवारी," आतोबा म्हणाले. "तोवर पुरं करू नकोस."